साथीचं पिक
सोफ्याखाली आज नातीचं गिटारच्या तारा छेडायचं प्लास्टिकचं पिक सापडलं आणि जुना राग उसळला. लग्नानंतर पनवेलला स्टँडसमोरच्या दुकानात मी असंच पिक घ्यायला गेले, तर दुकानदाराने माझ्या नवऱ्याला विचारलं, "वहिनींना पातळच देऊ ना?" मी म्हटलं, "वाजवणार मी आहे, मला विचारा," आणि तावातावाने सगळ्यांत जाड पिक उचललं. काय तो माझा रुबाब. हळदीकुंकवाला गाण्याच्या साथीला बसले, तर ते प्रत्येक तारेत अडकून खडखडायला लागलं. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सूनबाई, खोबरं किसतेस का?" दात-ओठ खात मी तस्संच शेवटपर्यंत वाजवलं. साथीला पातळच बरं, हे आता मलाही पटतं. पण माझं वाजवणं न ऐकता, नुसती साडी बघून पातळ सुचवणाऱ्या आणि वर बरोबर ठरलेल्या त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही.