हीटर बंद ठेव

आर्वीच्या एसटी स्टँडवर नागपूरची बस लागली तेव्हा बाबांनी प्रफुलला एकच गोष्ट सांगितली. "ताईच्या बोलण्याबाहेर जाऊ नको. तिथलं तिले समजते, तुले नाई समजत." प्रफुल माझा धाकटा भाऊ, तेव्हा सत्तावीस वर्षांचा. "हो बाबा," एवढंच तो म्हणाला. आई खिडकीखाली उभी राहून पोळ्या आधी खा, चिवडा नंतर फोड, असं पुन्हा पुन्हा सांगत होती. ऑगस्टचा उकाडा, आणि त्याच्या मांडीवर मी कॅनडातल्या विनिपेगहून आणलेला जाडजूड कोट, कारण तो बॅगेत मावला नव्हता. स्टँडवरचे लोक कोटाकडे बघून हसत होते. आम्हीही हसलो.

तुम्ही गावात राहिलात, किंवा माझ्यासारखे कुठे दूर निघून गेलात, तुम्हाला आधी हे सांगायला हवं की त्याला जायचं नव्हतं. मी नेलं.

आमची संत्र्याची पन्हेरी आहे, म्हणजे कलमांची रोपवाटिका. जंभेरी लिंबाच्या खुंटाला चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवायचा, वरून पट्टी बांधायची. दिसायला सोपं, पण साल सुटली आहे की नाही हे हाताला कळावं लागतं. प्रफुल चाकू लावायच्या आधी बोटाच्या टोकानं दाबून सांगायचा. कारंज्याकडून, आष्टीकडून लोक त्याला मोटरसायकलवर न्यायला यायचे. "याचा डोळा मरत नाई," असं बाबा आल्यागेल्याला सांगत. मी मात्र प्रत्येक फोनवर विचारायचे, याचं पुढं काय? तो म्हणायचा, "पुढं काय म्हंजे? पुढच्या साली पुन्हा डोळे बांधाचे." मला ते उत्तर वाटायचंच नाही. मी इथल्या कॉलेजात ग्रीनहाऊसचा डिप्लोमा शोधला, फॉर्म भरले, आणि त्याला घ्यायला स्वतः गेले.

डिप्लोमा झाला. पण इथली ग्रीनहाऊसं हिवाळ्यात माणसं कमी करतात. मग एका फार्मसीत त्याला काम मिळालं, शहराबाहेरच्या फार्मांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या लोकांना औषधं पोचवायचं. आम्ही नवरा-बायकोनं त्याच सुमारास नवी गाडी घेतली होती. जुनी इलेक्ट्रिक गाडी त्याला दिली.

गावाकडे उन्हाळ्यात मोबाइल तापून बंद पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. थंडीनंही बॅटरी अशीच मरगळते, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापतं, त्याचीच ऊब आत येते, फुकट. इलेक्ट्रिक गाडीत तापायला इंजिनच नाही. ऊब हवी तर ती बॅटरीतून काढायची, आणि बॅटरी तर थंडीनं आधीच अर्धी झालेली. आमच्या जुन्या गाडीचा हीटर म्हणजे टोस्टरमधल्या तारेसारखा. उन्हाळ्यात स्क्रीनवर दोनशे किलोमीटर दिसायचे, जानेवारीत शंभरेक, आणि हीटर लावला की तो आकडा डोळ्यांदेखत खाली यायचा. मी प्रफुलला शिकवलं, प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घे, मग निघताना हीटर बंद ठेव, रेंज वाढते. या देशाची सगळी गुपितं मला कळली आहेत अशा थाटात मी ते सांगितलं होतं.

तो तसाच चालवायचा. त्याच्या श्वासाचा काचेवर आतून बर्फ व्हायचा, तो हातमोज्यानंच खरवडायचा. घरी येऊन म्हणायचा, "ताई, मी गाडी चालवून राह्यलो का फ्रीज, समजत नाई." मी हसायचे. दोन कोट घालत जा म्हणायचे.

त्या दिवशी दुपारी उणे एकतीस होतं आणि वारा समोरून. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामावर होते. प्रफुलचा फोन आला. तो एका आजींच्या फार्मवर होता, शेवटची औषधं द्यायला.

"ताई, गाडी चव्वेचाळीस दाखवून राह्यली. घर अडतीस हाये. पण येतानी लय लवकर उतरली वं."

"मग हीटर बंद कर अन् हळू चालव. येशीन."

"हे आजी म्हणते थांब. भाहेर प्लग हाये, लावून ठेव म्हणते. चहा ठेवला तिनं. सकाळी जाजो म्हणते."

मी काय म्हणाले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "प्रफुल, इथं लोकांच्या घरी असं मुक्कामाला राहत नाहीत. ती तोंडदेखलं बोलते. तू नीघ."

आमच्या गावात कोणाची गाडी बंद पडली तर तो माणूस जेवूनच जातो, कोण कुठला हे कोणी विचारत नाही. मीही त्याच गावची. पण चौदा वर्षांत मी इथं एक गोष्ट पक्की शिकले होते, कोणाला आपली अडचण होऊ द्यायची नाही. कोणी ती मला शिकवली, मला सांगता येणार नाही. त्या आजींनी तर नव्हती शिकवली.

"बरं," तो म्हणाला.

शहर सात-आठ किलोमीटर राहिलं असताना गाडी थांबली. फोन थंडीनं आधीच बंद पडला होता. काच खरवडून उजवा हातमोजा ओला झालेला, तो कडक व्हायला लागला म्हणून त्यानं काढून टाकला. गाडीत आणि बाहेर सारखीच थंडी होती, मग रस्त्यावर उभं राहून तो उघड्या हातानं येणाऱ्या ट्रकांना हात करत राहिला. तासाभरानंतर बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर थांबला. इमर्जन्सीत मी पोचले तेव्हा त्याचा हात कोमट पाण्यात होता आणि तो ओठ दाबून बसला होता. बोटं मेणासारखी पांढरी. लॅबमध्ये काम करणाऱ्या मला ते बघून कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी फार्मसीतून समजलं, त्या आजींनी संध्याकाळी दोनदा फोन करून विचारलं होतं, तो मुलगा पोचला का.

मार्चमध्ये उजव्या अंगठ्याचं टोक आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं एक पेर काढलं. बाकीच्या बोटांना स्पर्श कळत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं परत येईल. आलं नाही. मी एकदाच विषय काढला. तो म्हणाला, "तू म्हणलीस म्हून नाई निघालो वं. मलेच यायचं होतं." त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला, एवढंच मला दिसलं. आता तो फार्मसीच्या मागच्या खोलीत डाव्या हातानं लेबलं लावतो आणि आमच्या बेसमेंटमध्ये राहतो. व्हिडिओ कॉलवर उजवा हात टेबलाखाली असतो. बाबा प्रत्येक वेळी विचारायचे, "औंदा येतं का बांधणीले?" तो म्हणायचा, "पाह्यतो."

डिसेंबरात मी एकटी गावी गेले, सांगायला. बाबा पन्हेरीत वाफ्याशी उकिडवे बसून पट्ट्या बांधत होते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, फोनवर मी काय म्हणाले तेही. आई मागं उभी होती. ती घरात गेली.

बाबांनी हातातली पट्टी पुरी बांधली. मग विचारलं, "कोनता हात?"

"उजवा."

"कोनते बोटं?"

मी माझा हात पुढं करून दाखवलं. ते बराच वेळ माझ्याच बोटांकडे बघत राहिले.

"मंग राहू दे त्याले तिथंच," ते म्हणाले. "इथं येऊन रोज दुसऱ्याचे हात पाह्यत बसन थो. मले नाई पाह्यवणार."

मला वाटलं होतं ते रागावतील. मी त्याचीच तयारी करून गेले होते. ते पुढच्या खुंटाकडे सरकले, आणि मी तिथं कशासाठी बसले आहे हे मलाच कळेना. त्या आठवड्यात आईनं माझ्या आवडीचं सगळं केलं, फक्त प्रफुलचं नाव घेतलं नाही.

पूर्वी मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, मला दोन घरं आहेत. आता विचाराल तर घर म्हणजे काय हे मला सांगता येत नाही. एका घरानं त्याला येऊ नको म्हटलं आहे, आणि दुसऱ्या घरात त्याला आणून ठेवणारी मी आहे.

परत आले तेव्हा प्रफुल बसनं विमानतळावर घ्यायला आला होता; गाडी मी तिथल्या पार्किंगमध्येच ठेवून गेले होते. गाडी आता मी चालवते. तो शेजारी बसला, हीटर पूर्ण चालू होता. त्यानं विचारलं, "बाबा काय म्हणले?"

"कधीही ये म्हणाले."

 तो समोरच्या पांढऱ्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "मंग जाऊ का, ताई?"

मी म्हणाले, "एवढ्यात नको."