दादाचा मध्यम, माझा षड्ज

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून तिथे मला दादा म्हणायचं नाही. मी तुला ओळखत नाही, तू मला ओळखत नाहीस."

मी तांदूळ निवडत होते. वर न बघता विचारलं, "आणि कोणी विचारलं तर? आडनाव एकच आहे."

"आपल्या आडनावाची अंबरनाथमध्ये ढीगभर घरं आहेत."

तो तेव्हा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होता, विषय संगीत. उल्हासनगरच्या त्याच कॉलेजात मी पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं आणि विषयही तोच घेतला होता. हे त्याला दुपारी आईकडून कळलं. तेव्हापासून तो घुश्शात होता.

"घरात एक गाणारा पुरे आहे," तो म्हणाला. "मराठी घे, इतिहास घे. माझ्या मागे मागे काय येतेस?"

"तुझ्या मागे नाही येत. गायला येतेय."

"तुला गाता येतं हे कोणी सांगितलं?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा कारखान्यात होते आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, मध्ये पडदा. दादा लहानपणापासून कल्याणला एका मास्तरांकडे गाणं शिकायला जायचा. सकाळी बाहेरच्या खोलीत बसून रियाज करायचा तेव्हा बाबासुद्धा पाय न वाजवता चालायचे. त्याची सूरपेटी कपाटाच्या वर कापडात गुंडाळून ठेवलेली असे. तिला हात लावायचा नाही, असा घरात कायदाच होता. मला कोणी कुठे शिकायला पाठवलं नाही. मी आत भाकऱ्या करत त्याचं ऐकायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचे. तो जिथून सुरुवात करायचा, तो सा मला खाली पडायचा. तोच वरच्या सप्तकात धरला की आवाज चिरकायचा. मग कधीतरी मला सापडलं की त्याचा मध्यम, म्हणजे सातांतला चौथा सूर, आपला षड्ज, म्हणजे पहिला सा, धरला की सगळं गाणं माझ्या गळ्यात नीट बसतं. असं का होतं, ते ठाऊक नव्हतं. होतं एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या बराच आधी निघाला. मी एकटी गेले. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत कापडाच्या दुकानांची रांग होती, दुकानदार पाणी मारून ओटे धुवत होते. संगीताची खोली मागच्या इमारतीत, केमिस्ट्रीच्या लॅबच्या शेजारी. आत शिरलं की आधी लॅबचा वास यायचा आणि मग सतरंजीचा. बाई पेटीपाशी बसल्या होत्या. आम्ही पहिल्या वर्षाच्या सात-आठ मुली आणि दोन मुलगे उभेच होतो, तर त्या म्हणाल्या, "गाणं म्हणजे पास व्हायला सोपा विषय असं समजून जे आलेत त्यांनी आत्ताच उठावं." आम्ही बसलोच नव्हतो, तर उठणार काय? एक मुलगा खरंच निघून गेला.

दादा कोपऱ्यात तंबोऱ्याची गवसणी काढत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. मी ठरवलं होतं, तो म्हणतोय ना, मग तसंच होऊ दे.

बाईंनी सांगितलं, उद्या प्रत्येकाचा आवाज ऐकणार. ज्यांचा बरा असेल ते पुढे बसतील, बाकीचे मागे बसून साथ धरतील. तंबोरा तिसऱ्या वर्षाचे लावून देतील.

घरी आल्यावर मी दादाला विचारलं, "उद्या तंबोरा तू लावणार?"

तो म्हणाला, "कॉलेजमधलं घरात नको." आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी एक सिंधी मुलगी गायली, उल्हासनगरच्याच कॅम्पातली, हसरी, सुरात कच्ची. ती उठली, माझं नाव आलं. दादाने तंबोरा उभा धरला, खुंट्या पिळल्या, तारा छेडून कान लावला आणि तो माझ्याकडे सरकवला. तंबोरा मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होते. तार छेडली. सूर फार वर होता. माझा नव्हताच तो. मी दादाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"चल, म्हण," बाई म्हणाल्या. "काय म्हणणार?"

"भूप."

मी सुरुवात केली. खालचे सूर लागले, मधलेही ओढूनताणून लागले. वरच्या 'सा'च्या पुढे गेले आणि गंधारावर आवाज फाटला. कापड फाटावं तसा. मागे कोणीतरी खुसखुसलं. मी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. आता मोठ्याने हसले.

"घसा बसलाय का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. पट्टी चढी आहे."

दादा खिडकीकडे बघतच म्हणाला, "काळी पाच आहे बाई. मुलींना तीच लागते."

"तुझी पट्टी कोणती?" बाई मला म्हणाल्या. आपला सा कुठे धरायचा ते गाणाऱ्याला माहीत असायलाच हवं, असा त्यांच्या विचारण्याचा रोख होता. पेटीची कितवी काळी की कितवी पांढरी पट्टी, ते नाव मला माहीत नव्हतं. घरात सूरपेटीला हात लावू दिला असता तर माहीत असतं. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी घाबरले होते, पण त्याहून जास्त मला राग आला होता. तो राग अजून तसाच आठवतो, कानशिलं तापली होती.

मी म्हटलं, "दादाचा जो मध्यम, तो माझा षड्ज."

बाईंनी चष्मा काढला. "दादा? कोण दादा?"

मी बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या.

"ही तुझी बहीण?" बाईंनी त्याला विचारलं.

त्याला हो म्हणावं लागलं.

"तुझी काळी एक. म्हणजे तुझा मध्यम काळी तीन. इतकं हिला घरबसल्या कळलंय, आणि तू एकाच घरात राहून हिला काळी पाच लावून देतोस?" बाई आवाज न चढवता बोलत होत्या, म्हणून जास्त लागत होतं. "लाव. इथेच बसून लाव. आम्ही थांबतो."

तो माझ्यासमोर बसला. खुंट्या सैल करताना तारा पुन्हा पुन्हा जास्तच उतरत होत्या. आमचे चेहरे हातभर अंतरावर होते. तो फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "घरी ये तू."

मी म्हटलं, "येणारच आहे. तेही माझंच घर आहे."

मग मी गायले. बाईंनी मान डोलवली नाही, वा म्हटलं नाही. म्हणाल्या, "आवाज जड आहे. तान कशाशी खातात ठाऊक नाही. पुढे बस."

बाहेर आल्यावर ती सिंधी मुलगी माझा हात धरून म्हणाली, "अरे यार, तो तुझा सगा भाई आहे? आणि तू काल बोलली पण नाहीस? ऐसा भाई होता है क्या!"

घरी मी पोचायच्या आत तो पोचला होता. आईने मला दारातच थोबाडीत दिली. "चारचौघांत भावाला मान खाली घालायला लावलीस? शोभलं तुला?"

"त्याने काय केलं ते विचार ना त्याला."

"त्याला त्याचं पुढे करायचंय. तुझं गाणं लग्नापर्यंत."

संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे दादाची ऐकली आणि माझी अर्धी. मग टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "दोघंही जा. पण माझ्या घरात गाण्यावरून आवाज नको." त्यांना भांडणाचा आवाज म्हणायचा होता. दादाने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा काढला. दुसऱ्या दिवसापासून त्याने घरात रियाज करणं बंद केलं. पहाटे उठून तो जुन्या देवळाच्या पलीकडे नाल्याच्या काठी जाऊन बसायचा. आईला त्याने कारण सांगितलं: "ही आत बसून चोरते."

मग रिकाम्या बाहेरच्या खोलीत मी बसायला लागले. आई रेडिओ मोठा करायची. मी रेडिओपेक्षा मोठ्याने गायचे. शेजारच्या काकू भिंत ठोकायच्या. असं ते अख्खं वर्ष गेलं. कॉलेजात आम्ही एकाच सतरंजीवर बसायचो, बाई त्याला सांगायच्या तंबोरा लाव, तो लावायचा, अगदी बिनचूक, आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. घरात मीठ हवं असलं तर तो आईला म्हणायचा, "तिला सांग, मीठ दे."

वर्ष संपलं, तो सेकंड क्लासमध्ये पास झाला आणि बाबांच्या ओळखीने कारखान्यात लागला. गाणं त्याने सोडलं. कोणी सोडायला लावलं नव्हतं. बाईंनी पुढे एम.ए. कर म्हणून दोनदा निरोप पाठवला होता, मीच तो घरी आणला होता. पण नातेवाइकांत आई सांगायची, "बहिणीमुळे पोराचं मन उडालं." मावश्या माझ्याकडे बघायच्या. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, लग्न होऊन बदलापूरला आले आणि घरी मुलींचे क्लास घ्यायला लागले. कोणी मला म्हणतं, झालं गेलं विसर, तो पण पोरगाच होता तेव्हा. असेल. एकोणीस-वीस वर्षांचा होता. मी सतरा-अठराची होते. दोन खोल्यांमध्ये नुसता पडदा होता, माझी पट्टी त्याला माहीत होती.

पुढे त्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही गेलो. पाळणा म्हणायला बायकांनी मला पुढे केलं. मी म्हटला. सगळ्यांना आवडला. वहिनीच्या माहेरची एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "बाई गं, कुठे शिकलीस एवढं?"

दादा पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होता. तो हसून म्हणाला, "कुठे म्हणजे? मीच शिकवलंय हिला. घरातच."

म्हातारीने त्याच्या पाठीवर हात फिरवला. वहिनीही खूश झाली. त्याने कितीतरी वर्षांनी माझ्याबद्दल चारचौघांत चांगलं म्हणावं तसं काहीतरी म्हटलं होतं, आणि आईने मला डोळ्यांनी खुणावलं की गप्प बस.

मी म्हटलं, "नाही. त्याने शिकवलं नाही. मी ऐकलं."

दादाने ताट माझ्यासमोरून तसंच पुढे नेलं आणि शेजारणीसमोर धरलं. मी पाळण्यातल्या बाळाचं पांघरूण सारखं केलं आणि नवऱ्याला म्हटलं, चला, उशीर होतोय.