डावीकडे एक वीत

आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे. साखर, मीठ, चहा, तांदूळ. सगळ्या एकाच मापाच्या आणि काठापासून सारख्याच अंतरावर. त्या वन्संनी लावलेल्या. माझी ही धाकटी नणंद. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्या रक्त तपासायच्या. तिथे नळीवरची चिठ्ठी चुकली की भलत्याच माणसाला भलतंच औषध जायचं, म्हणून खूण नसलेली वस्तू त्यांना बघवत नसे. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. आमचे हे मला म्हणायचे, "जपून झोप गं, सकाळी कपाळावर चिठ्ठी सापडेल."

"तुला नाही लावणार, दादा," वन्सं आतून ओरडायच्या. "तुझं घोरणं पुरे आहे ओळखायला!"

हे गेले आणि पाठोपाठ वन्सं निवृत्त झाल्या. घर खायला उठलं. अशात त्यांच्या ओळखीच्या एका पक्षिअभ्यासक बाईंनी विचारलं, नदीवर सुरय पक्ष्यांच्या कामाला याल का? पैसे नाहीत, ऊन मात्र भरपूर. वन्संनी दुसऱ्याच दिवशी टोपी आणली.

काळ्या टोपीचा, केशरी चोचीचा हा पक्षी आता फार थोडा उरलाय. नदीच्या मधोमध उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटावर तो अंडी घालतो. घरटं म्हणाल तर नुसता खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. गुरं तुडवतात, जाळी वाळवणारे कोळी तुडवतात. म्हणून घरटं शोधायचं, खूण करायची आणि पिल्लं निघेपर्यंत लक्ष ठेवायचं.

बाईंनी सांगितलं होतं, "जवळपास कुठेतरी एखादी वाळकी काटकी टोचा. आपल्याला कळलं म्हणजे झालं."

वन्संना 'कुठेतरी' हा शब्दच चालत नसे. गॅलरीत बसून त्यांनी बांबूच्या सारख्या काठ्या तासल्या, टोकं पांढरी रंगवली. प्रवाहाच्या दिशेला तोंड केलं की प्रत्येक काठी घरट्याच्या उजवीकडे. तिथून डावीकडे एक वीत मोजली की अंडी.

"पाहिलंत, वहिनी? आता आंधळ्यालासुद्धा सापडेल."

बाईंनाही ते आवडलं. सगळे तुमच्यासारखे असते तर, असं म्हणाल्या. त्या दिवशी वन्सं ताटावर बसूनही बोलतच होत्या. मी म्हटलं, "आधी जेवा, पक्षी उडून नाही जाणार." तर हसल्या. "उडूनच जायला हवेत, वहिनी. त्यासाठीच तर चाललंय."

मग अंडी नाहीशी होऊ लागली. कवचाचा तुकडाही मागे राहत नव्हता. वन्संनी कुत्र्यांना दोष दिला, सापांना दिला, कोळ्यांशी भांडून आल्या. शेवटी पहाटे जाऊन गोणपाटाच्या आडोशाला बसल्या.

दुपारी परत आल्या त्या दारातच बसल्या. पायांची वाळू फरशीवर सांडत होती. एरवी मी सांडली असती तर केवढं ऐकवलं असतं!

"काय झालं, वन्सं?"

"कावळा आहे, वहिनी." त्या पायांकडे बघत होत्या. "आला तो सरळ काठीवर बसला. खाली उतरला, डावीकडे गेला आणि अंडं उचललं. मग दुसऱ्या काठीवर. तिथेही डावीकडेच. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही हो त्याने. मीच त्याला ताट वाढून ठेवलं होतं."

"तुम्हाला कसं कळणार होतं?"

"काटक्या टोचा म्हणाल्या होत्या त्या. वाकड्यातिकड्या, कुठेतरी. त्याला नसतं उमगलं."

मी पाणी आणून दिलं.

त्यांनी सगळ्या काठ्या उपटल्या, भोकं तळहाताने बुजवली. एकच घरटं शिल्लक होतं. त्याच्यासाठी त्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पाण्यात उभं राहून टोपी हलवायच्या. बेटावर पाऊल ठेवायची त्यांना आता भीती वाटे. घशाला कोरड पडली म्हणून एकदा त्या होडीकडे वळल्या. तेवढं त्या कावळ्याला पुरलं. त्याला आता काठीचीही गरज उरली नव्हती.

पुढच्या वर्षी बेटावर सुरय आलेच नाहीत. बाई भल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "हे पक्षी जागा बदलतात कधीकधी. तुमचा काही दोष नाही." वन्संनी मान हलवली, त्यांना चहा दिला, फाटकापर्यंत पोचवून आल्या. मग स्टुलावर चढून डब्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, ओल्या फडक्याने डिंक पुसला. मी दारात उभी राहून बघत होते. अडवलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी चहात मीठ घातलं. एक घोट घेऊन मी थुंकले. वन्संनी मात्र कप रिकामा केला, विसळून पालथा घातला, आणि म्हणाल्या, "होईल सवय."

त्यांना जाऊनही आता बराच काळ झाला. डबे तसेच आहेत. थोरल्या नणंदेची मुलगी आली की कुरकुरते, "मामी, नावं लिही ना गं, किती शोधायचं!" मी तिला म्हणते, शोध. झाकण उघड, वास घे, सापडेल.