संताचं बाळ मी चिकटवलं

दुसऱ्याच्या देवाला हात लावू नये, हे नवरा मला आधीच म्हणाला होता. पण ऐकेन तर मी कसली!

इथं बहारीनमध्ये, हमद टाउनला, आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये ब्राझीलची एक बाई राहते. झल्लाकच्या ज्या रिसॉर्टमध्ये मी युनिफॉर्म शिवते, तिथेच ती मुलांना पोहायला शिकवते. आमची मैत्री चालते ती इंग्लिश, हिंदी आणि हातवारे यांवर. तिची सात वर्षांची मुलगी तेव्हा तिकडे आजीजवळ होती. तीन वर्षं मायलेकींची भेट नव्हती. मुलीला इकडे आणायचं तर बापाची सही हवी, आणि तो बाबा सही करेना. घटस्फोटानंतर दोघांचं बोलणंच बंद; निरोप जायचे ते आजीमार्फत.

एकदा ती मुलांना घेऊन चार दिवस स्पर्धेला गेली. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. बघते तर फ्रिजवरचा तिचा संत अँथनी भिंतीकडे तोंड करून उभा! सावंतवाडीला मावशीच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब होतं, त्यामुळे हा संत माझ्या ओळखीचा. त्याच्या हातावर बाळ येशू असतो. इथं हात रिकामा. सुकलेली पानं कापायला कात्री शोधत होते, तर चमच्यांच्या खणात रुमालात गुंडाळलेलं ते अंगठ्याएवढं बाळ सापडलं. म्हटलं, अगं बाई, पडून मोडलं असणार, आणि हिला वेळ कुठला! मोडकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. खाली जाऊन गोंदाची ट्यूब आणली, बाळ हातावर पक्कं बसवलं, संताचं तोंड सरळ केलं आणि वर एक नमस्कारही ठोकला.

ती परतली आणि अर्ध्या तासात संताला हातात घेऊन आमच्या दारात उभी. चेहरा लालबुंद.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

मग कळलं. त्यांच्याकडची जुनी रीत आहे. संताकडे मागणं मागायचं आणि ते पुरं होईपर्यंत त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करायचं, त्याचं बाळ काढून ठेवायचं. बहुतेक बायका नवरा मिळावा म्हणून करतात, हिनं लेकीसाठी केलं होतं. "माझी मुलगी दे, मग तुझं बाळ घे, असं बजावलं होतं मी त्याला. आता तो माझं काम कशाला करेल?" तिनं बाळ ओढून बघितलं. हलेना.

चूक कबूल करायची सोडून मीच भडकले. "देवाचं पोर पळवून ठेवतेस? काही लाज?"

नवरा जेवता जेवता म्हणाला, "तुझा व्हिसा अडकला होता, तेव्हा तुझ्या आईनं काय केलं होतं गं?"

आईनं देव पाण्यात ठेवले होते. अकरा दिवस गणपती पातेल्यात बुडालेला. व्हिसा आला तेव्हा कुठे पुसून देव्हाऱ्यात बसला. हे तिला सांगावंच लागलं.

"तुम्ही देवाला बुडवता, आणि मला ओरडतेस?" ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. एका आईचा आधार मीच काढून घेतला होता. त्याच संध्याकाळी मी आमचा गणपती पाण्यात ठेवला.

"आता त्या बिचाऱ्याचा काय दोष?" नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

संताला अडवायला काही उरलं नाही, तेव्हा शुक्रवारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, "तू उठू नकोस," आणि मुलीच्या बापाला स्वतःच फोन लावला. भाषा कळत नव्हती, पण भांडण काय, कुठल्याही भाषेतलं कळतं. आधी आरडाओरडा झाला, मग तिचा आवाज खाली आला, मग ती नुसतीच ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "मी त्याला एकदाही स्वतः विचारलं नाही, म्हणून अडून बसला होता. सोमवारी सही करतो म्हणाला. इंशाल्ला."

सही झाली. हे संताचं काम, गणपतीचं की त्या फोनचं, यावर आमचा वाद अजून चालू आहे. कागदपत्रांत दोन महिने गेले, आणि मग आम्ही नवऱ्याच्या गाडीतून एअरपोर्टला गेलो.

मागे ट्रॉली ढकलत आजी, पुढे मुलगी. आई धावली, पण मुलगी दोन हात अंतरावर थबकली. तिनं आईला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं. आई तिथंच गुडघ्यांवर बसली आणि तिला कुशीत ओढलं.

गाडीत मुलगी तिच्या मांडीवर झोपली, तेव्हा मी हळूच विचारलं, "काय म्हणाली गं?"

"म्हणाली, आई, तू एवढी लहान कशी झालीस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मी नाही गं, तूच वाढलीस. आता माझ्यासमोर वाढ."