रंगाच्या सुईनंतर तिसऱ्या दिवशी

मंगळवारी दुपारी सव्वातीनला माझ्या पोटावर पहिला लाल ठिपका दिसला, आणि तिथून आमच्या डोंबिवलीच्या चाळीत किश्श्यांना तोटाच राहिला नाही. पाठीत कळा येत म्हणून शनिवारी ठाण्याच्या इस्पितळात मूत्रपिंडाचा एक्स-रे काढला होता. आतलं नीट दिसावं म्हणून कोपराच्या शिरेत रंगाची सुई देतात.

*

संध्याकाळपर्यंत अंगभर पुरळ! सासूबाईंनी दाराला कडुनिंबाची डहाळी लावली, फोडणी बंद केली. "देवी आल्यात, गोवर आहे हा. आता औषध नाही, आणि बाळ तुझ्याजवळ नाही!"

सात महिन्यांची बेबी शेजारच्या गोदाक्काकडे गेली. भिंतीपलीकडे ती रडे, इकडे मला पान्हा फुटे.

"अहो, मला गोवर लहानपणीच येऊन गेलाय."

"मग देवीला पुन्हा आठवण झाली असेल तुझी!"

*

चाळीत रोज नवा शोध. कोणी म्हणे सुकटीमुळे, कोणी म्हणे नव्या साबणामुळे. गोदाक्का म्हणाली, "अगं, नवऱ्याची चिडचिडसुद्धा अंगावर उठते!" त्या दिवशी आमचे हे चहा न मागताच कामावर गेले.

*

गुरुवारी मी दारावरची डहाळी बाजूला सारली. सासूबाई आडव्या आल्या.

"देवी अंगावर असताना उंबरा ओलांडतेस?"

"ओलांडते."

कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काय खाल्लंस?" मी आठ दिवसांचं जेवण सांगितलं. सुईचं बोललेच नाही. ती काय तोंडाने खाल्ली होती? शेवटी कंपाउंडरने माझ्या कोपरातला निळा डाग दाखवला.

"गोवर नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या रंगाचं दिसतंय. उशिरासुद्धा उठतं. पुन्हा सुई घेण्याआधी सांगायचं. आणि बाळाला घे जवळ."

तशीच गोदाक्काच्या खोलीत शिरले. बेबीने अर्धा तास मला सोडलं नाही.

*

महिन्याने इस्पितळात पुन्हा बोलावणं. सुई देणाऱ्या भाऊंनी विचारलं, "मागच्या वेळी काही त्रास?"

"पुरळ उठलं."

"इथे टेबलावर?"

"घरी. तिसऱ्या दिवशी."

"मग ते आमच्याकडचं नव्हे!"

मी हातावर पदर ओढला. "मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिल्याशिवाय हात मिळणार नाही." तासभर बसले. डॉक्टर आले, पुरळ त्या रंगाचंच असं भाऊंसमोर लिहिलं, आणि रंगाशिवायच एक्स-रे काढायला सांगितला.

*

परत निघताना मी सासूबाईंनी दिलेला दहीभाताचा डबा भाऊंपुढे ठेवला. देवीची पाठवणी दहीभाताने करतात ना! सासूबाईंचा निरोप होता, "ज्याने उठवलं, त्यानेच शांत करावं."

भाऊंनी डबा संपवला, बोटं चाटली आणि बाकावरच्या बायकांकडे वळले.

"बहिणींनो, सुई घेतल्यावर आठवडाभर अंगाकडे लक्ष ठेवा. काही उठलं तर इथे येऊन सांगा. आणि आपापल्या चाळीत चार जणींच्या कानावर घाला!"