राखून ठेवलेलं प्रकरण

"किताब भेटली का आदमी अर्धा शिकलाच समज गा," असं कवडू नेहमी म्हणायचा.

आमच्या कुहीकडचा हा माणूस. सत्त्याऐंशी साली नागपुरात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कॉम्प्युटरवर बिल्ट्या, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्या, चढवायचा. एक कॉम्प्युटर सक्करदऱ्याच्या ऑफिसात, दुसरा वाडीच्या गोदामात. इकडची नोंद तिकडे नसायची. माल एका गावी जायचा, कागद दुसऱ्या.

मालक भैयाजी म्हणाले, "दोन्हीकडं एकच नोंद ठेवून दाखव. दिवाळीले कायम करतो. नाही जमलं तर गावचा रस्ता धर."

शिकायचं कुठून? सीताबर्डीच्या दुकानदारानं टायपिंगचं पुस्तक पुढे केलं. कॉलेजच्या ग्रंथालयात ओळखपत्र मागितलं. किताब होती ती कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मारोतरावांकडे. इंग्रजी, जाडजूड.

"घरी न्यायची नाही," ते म्हणाले. "रविवारी ये, व्हरांड्यात बस. स्कूटर तेवढी धूत जा."

कवडू स्कूटर धुवायचा, दळण आणायचा, मग शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचा. ओलं धोतर वाळत जावं तशी ती अक्षरं हळूहळू मोकळी होत गेली. एका प्रकरणाची पानं मात्र टाचलेली होती.

"ते तुझ्या कामाचं नाही," मारोतराव म्हणाले.

टाचणी काढायला कितीसा वेळ लागला असता? पण शिकवणाऱ्याचा शब्द. कवडूनं पानं ओलांडली.

दिवाळीआधी सगळ्यांसमोर त्यानं गोदामातली फ्लॉपी ऑफिसच्या कॉम्प्युटरात घातली. गोदामाच्या नोंदी आल्या, आणि ऑफिसात दिवसभर चढवलेल्या पुसल्या गेल्या.

मारोतरावांनी ऑफिसच्या नोंदींची दुपारीच करून ठेवलेली नक्कल खिशातून काढली. "म्हटलं होतं भैयाजी, याच्या आवाक्यातलं नाही."

भैयाजींनी कवडूला तिथल्या तिथे काढलं.

रविवारी तो मारोतरावांकडे गेला. "साहेब, चुकलं काय तेवढं सांगा."

मारोतरावांनी किताब आणली, टाचणी ओढून काढली. "वाच आता. आता काही हरकत नाही."

दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी नोंदी झाल्या, तर कुठलीही न पुसता त्या कशा मिळवायच्या, याचंच ते प्रकरण होतं. कवडूनं उभ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"समजलं?"

"समजलं."

"मग जाता जाता स्कूटरवर पाणी मार."

कवडूनं किताब ओट्यावर ठेवली आणि स्कूटरला हात न लावता फाटकाबाहेर पडला. मारोतराव पेपर वाचत होते. त्यांची बायको शोभाताई खिडकीत उभी होती. तो वळणाआड जाईपर्यंत तीच बघत राहिली.