अंदाज बांधणारी सविता

तिकोना किल्ल्यावर पर्यटकांना घेऊन जाणारी आमची सविता कधीही ‘माहीत नाही’ म्हणायची नाही. खडकात गोल खळगे दिसले, की “हितं राणीसाहेब काजळ घोटायच्या,” असं ठोकून द्यायची. पर्यटक खूश व्हायचे. मला, तिच्या शेजारच्या निवृत्त इंग्रजीच्या बाईला, या थापांचा भारी राग यायचा.

पुण्याच्या एका कंपनीला परदेशी पाहुण्यांसाठी कायमची गाईड हवी होती. एका फेरीत परीक्षा, जमलं तर काम पक्कं. सविता माझ्याकडे इंग्रजी शिकायला आली, तेव्हा मी मुद्दाम एक शब्द दिला: सरमाइज.

“गेस म्हणजे हवेत मारलेला दगड. सरमाइज म्हणजे खुणा बघून बांधलेला अंदाज. खात्री नाही, पण कारण आहे. आणि हा इस्त्रीच्या साडीसारखा शब्द आहे, चार लोकांत वापरायचा. घरात नाही.”

तिने घरातच वापरला! “आय सरमाइज, आमटीत मीठ न्हाई.”

“मराठीत बोल, न्हाईतर तुजं तू वाढून घे,” तिच्या सासूबाई झुंबरबाई कडाडल्या.

मीही दटावलं, “अगं, चाखल्यावर कसला अंदाज? ते तर कळलंच.”

परीक्षेच्या दिवशी कंपनीच्या प्रदीपने तिला बजावलं, पाहुण्यांपुढे ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. नेमकं खळग्यांपाशीच एका पाहुणीने विचारलं, हे कशासाठी? राणीचं काजळ सविताच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“आय डोन्ट नो.” प्रदीपचा चेहरा पडला. “बट आय सरमाइज, वुडन पोल्स. होल्स इन वन लाइन. मे बी रूफ.”

पाहुणी गुडघ्यांवर बसली. दोघींनी त्याच रेषेत पुढचं गवत उपटलं, तर मातीने बुजलेला आणखी एक खळगा निघाला.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी झुंबरबाईंच्या ओट्यावर पायवाटेकडे डोळे लावून बसले होते, जीव टांगणीला लागला होता. लांबवर सविता झपाझप येताना दिसली. झुंबरबाई उठल्या आणि त्यांनी चहाचं मोठं पातेलं चढवलं.

“मिळालं तिला काम.”

“फोन आला का?”

“फोन कशाला, बाई? चाल बगा की तिची. न्हाई मिळालं आसतं तर आशी आली आसती व्हय?”

“बाई, मिळालं!” सविता लांबूनच ओरडली.

मला इतका आनंद झाला, की ‘सरमाइज’ घरात वापरायची बंदी मी तिथल्या तिथे उठवली.